अठ्ठेचाळीस पाठमोरे मोर

“खोटं! साफ खोटं! राणी जन्मात कधी हिंदुस्थानात आली नाही, आणि हे इथं बसून तिचे पाय शेकतायत!”

आवाज भिंतीतून आला. भिंतीतून म्हणजे अगदी भिंतीतूनच. ज्या विलायती शेकोटीसमोर उभा राहून मी सतरा पाहुण्यांना शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडच्या राणीच्या सांधेदुखीची हकिगत सांगत होतो, त्याच शेकोटीच्या पोटातून. पुण्याच्या दोन मावश्यांनी जागच्या जागी रामरक्षा सुरू केली. एक काका खिडकीतून बाहेर पडले, ते नंतर थेट गाडीत, सीटबेल्ट लावून बसलेले सापडले. मग शेकोटीत आधी पोतंभर काजळी कोसळली, तिच्यामागून दोन पाय आले, आणि पायांमागून एक माणूस आला. नखशिखांत काळा. एका हातात टेप, कानावर पेन्सिल, कमरेला गवंड्याचा ओळंबा लोंबतोय. त्याने माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाला,

“पाच फूट सव्वापाच इंच. एवढ्याशा माणसात एवढं मोठं खोटं मावतं कसं?”

ही आमची पहिली भेट. उंची त्यांनी नुसत्या नजरेने सांगितली होती. घरी जाऊन मोजली, तर पाव इंचाचाही फरक नाही. तोवर मी सगळ्यांना पाच-सात सांगत आलो होतो, लग्नाच्या वेळी सासऱ्यांनासुद्धा.

मी मूळचा पंचवटीचा. तेव्हा माझी सतरा सीटर गाडी होती, आणि गाडीत बसलेल्या माणसाला नाशिक दाखवणं हा धंदा. सकाळी रामकुंड, अकराला मिसळ, आणि ऊन उतरलं की द्राक्षमळे. आता मिसळ आणि द्राक्षमळे यांच्यामध्ये तीन तास उरतात. माणसांना तीन तास सावलीत ठेवायचं तर कुठं? त्र्यंबक रस्त्याला आत वळलं की मळ्यांच्या मधोमध हा बंगला होता. सावली होती, नळाला पाणी होतं, आणि आत शिरायला कुणी अडवत नव्हतं. इतिहास तेवढा नव्हता. तो मी पुरवायचो. मी खोटं बोलत नसे, हे आधीच सांगतो. मी फक्त भर घालायचो. लोणचं मुरायला तेल लागतं, तसं.

बंगला मात्र भर घालायची गरज नसलेला. मुंबईच्या कुणा कापसाच्या शेटने राणीच्या कारकिर्दीच्या अखेरीस बांधलेला. शेट म्हणे विलायतेला जाऊन आला, तिथला एक मोठा वाडा त्याच्या डोळ्यांत भरला, आणि तसाच आपल्याला हवा म्हणून तो हट्टाला पेटला. नकाशा विलायतेहून, रंगीत काचा विलायतेहून, फरश्या, कुलपं, जिन्याचे लोखंडी कठडे, सगळं जहाजाने मुंबईला, तिथून आगगाडीने नाशिकरोडला आणि पुढे बैलगाड्यांनी. दगड मात्र इथला, काळा. गवंडी इथले. वर कौलांचं उतरतं छप्पर, त्याला लाकडी झालरी, एका कोपऱ्यावर टोकदार टोपी घातलेला मनोरा, आणि आत नऊ शेकोट्या. नऊ! नाशकात थंडी पडते, नाही असं नाही, पण नऊ शेकोट्या पेटवायच्या तर बर्फातली अस्वलं पाहुणी बोलवावी लागतील. मी पाहुण्यांना सांगायचो की शेटने दोन आणलीही होती. परवडली नाहीत.

तर त्या दिवशी या नवांपैकी तिसऱ्या शेकोटीच्या धुराड्यातून जे बाहेर पडले, ते सर. सगळे त्यांना सरच म्हणत. आयटीआयमध्ये ते नकाशे काढायला शिकवत. मुंबईला राहणाऱ्या वारसदारांना बंगल्याची किंमत काढायची होती, म्हणून त्यांनी सरांना मोजमाप घ्यायला पाठवलं. काम दोन दिवसांचं. सर शनिवारी सकाळी आले, आणि मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्या शनिवारला नऊ वर्षं झाली होती. मोजमाप चालूच होतं. मध्ये त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, बंगल्याच्या बग्गीखान्यात एक खाट टाकली होती, आणि वारसदारांनी फुकटात राखणदार मिळाला म्हणून विषय सोडून दिला होता. मी पाहुणे आणायचो तेव्हा ते कुठल्यातरी माळ्यावर नाहीतर धुराड्यात असायचे, म्हणून गाठ पडली नव्हती.

सरांची एकच म्हण होती, “मोजलंत का?”

तुम्ही म्हणावं, सर, आज फार उकडतंय. “मोजलंत का?” तुम्ही म्हणावं, सर, मनमाडला जायला दोन तास लागतात. “मोजलंत का?” एकदा मी भावनेच्या भरात म्हणालो, सर, माझं माझ्या बायकोवर फार प्रेम आहे. सरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि वाट बघत उभे राहिले.

मीटर-सेंटिमीटर त्यांना मान्य नव्हते. “फूट म्हणजे माणसाचं पाऊल. मीटर कुणाचं काय आहे?” खिशात घडीची लाकडी फूटपट्टी. चहा आला की आधी कपात पट्टी बुडवून चहा किती इंच आहे ते बघायचे. टपरीवाला त्यांना पाहिलं की कप काठोकाठ भरायचा. भिंतीचा चुना जिभेवर ठेवून चाखायचे. चाखायचे म्हणजे डोळे मिटून, आमचे आचारी आमटी चाखतात तसे. “यात गूळ कमी आहे. बेलफळ जास्त. हा भाग श्रावणात बांधलाय.” श्रावणात कशावरून, असं मी विचारलं तर म्हणाले, “गवंडी उपाशी होता. थापीचा हात हलका लागलाय.” माझी गाडी विकेपर्यंत मी लोकांना असंख्य थापा मारल्या, पण इतकी सुंदर थाप मला कधी सुचली नाही. आणि सर तर थाप मारत नव्हते. त्यांचं तसं मोजून झालेलं असायचं.

त्या पहिल्या भेटीनंतर आमचा करार झाला. मी पाहुणे आणायचे, सांगायचं सरांनी. पाहुण्यांना ते दारातच एका रांगेत उभे करत आणि म्हणत, “या बंगल्यात कुठलाही मोठा माणूस राहिला नाही. इथून त्र्यंबकेश्वराला भुयार जात नाही. मडमेचं भूत नाही. आता वर बघा, हा वासा एकोणीस फूट साडेचार इंच आहे.” पाहुण्यांचे चेहरे असे पडत की मला गाडीत त्यांना द्राक्षमळ्याची आशा दाखवून परत उभं करावं लागे. पण एक गंमत सांगतो. वर्षभराने कुणी परत भेटलं, की रामकुंड विसरलेलं असायचं, आणि वासा लक्षात असायचा. साडेचार इंचांसकट.

सरांकडे वह्या होत्या. रुंद, आडव्या, कापडी पुठ्ठ्याच्या. त्यांत बंगल्याची प्रत्येक वीट, खुंटी, बिजागरी. आणि प्रत्येक वहीच्या शेवटी तांबड्या शाईत एक यादी. तिचं नाव ‘कारण अज्ञात’.

‘झोपण्याच्या खोल्या पश्चिमेला. दुपारी चारनंतर भट्टी. कारण अज्ञात.’

‘स्वयंपाकघर वाऱ्याच्या तोंडावर. सगळा धूर नाचघरात. कारण अज्ञात.’

‘दारांची कुलपं डोक्यावर उभी बसवलेली. किल्ली दात वर करून घालावी लागते. कारण अज्ञात.’

‘पश्चिमेची पडवी मूळ कामात नाही, मागून जोडलेली. दगड तोच, हात तोच. कारण अज्ञात.’

आणि सगळ्यांत वर, दोनदा अधोरेखित: ‘जिन्याच्या कठड्यावर ओतीव लोखंडी मोर अठ्ठेचाळीस. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. दिवाणखान्याकडे पाठी. कारण अज्ञात.’

ते मोर खरंच बघण्यासारखे होते. म्हणजे बघता आले असते तर. खालून पाहुण्याला दिसायच्या त्या अठ्ठेचाळीस सपाट पाठी आणि त्यांतले बोल्ट. डोळे, तुरे, पिसारे बघायचे तर जिना चढून भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. मी पूर्वी लोकांना सांगायचो की शेट आणि शेटाणीचं भांडण झालं तेव्हा मोर रुसले. सरांना ते कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. उलट हळूच म्हणाले, “निदान तुमच्याकडे काहीतरी कारण आहे.” मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा माणूस हौसेने मोजत नाहीये. त्याला त्या घराचं काहीतरी समजत नव्हतं, आणि ते समजल्याशिवाय त्याला तिथून हलता येत नव्हतं.

सरांना बायको होती. काकू. सिडकोत राहायच्या आणि शिवणकाम करायच्या. ब्लाउज शिवावा तर काकूंनी. अर्धं सिडको त्यांच्या मापात श्वास घेत होतं. माहेर चांदवडचं, त्यामुळे बोलणं कांद्यासारखं, एका घावात दोन तुकडे. दर रविवारी बारा वाजता त्या स्कूटीवरून डबा घेऊन यायच्या. फाटकाबाहेर थांबून दोनदा हॉर्न. सर टेप गुंडाळत जायचे, डबा घ्यायचे, मागचा रिकामा डबा द्यायचे. काकू स्कूटीचं इंजिन बंदसुद्धा करायच्या नाहीत. एकदा मी म्हणालो, “काकू, या की आत.” तर म्हणाल्या, “सवतीच्या घरात कशाला जाऊ बाबा?” मी हसलो. मला वाटलं विनोद आहे.

असं आणखी दहा वर्षं चाललं, पुढेही चाललं असतं. पण एक दिवस आप्पा आले.

आप्पा म्हणजे लॉन्सवाले. नाशकात ज्याच्याकडे दोन एकर आणि एक जनरेटर आहे तो लग्नांसाठी लॉन्स काढतो, हे तुम्हाला माहीतच आहे. आप्पांची तीन होती, चौथं इथं काढायचं होतं. वारसदारांशी बोलणी झाली होती. आप्पा माणूस वाईट नव्हता. पांढरे बूट घालून बंगल्याभोवती एक चक्कर मारली आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

“सर, तुम्ही काय काळजी करू नका. हे सगळं पाडायचं हाय, पण समोरचा पोर्च मी ठिवणार. नवरा-नवरी तिथं फोटो काढतील. लय भारी येतो फोटो.”

“आणि मागे?”

“मागं पार्किंग.”

“किती गाड्यांचं?” सरांनी विचारलं.

“दोनशे तर बसतीलच की!”

“मोजलंत का?” सर म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. मी सरांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं पाहिलं की हातात टेप आहे आणि ती कशाला लावायची ते कळत नाहीये.

एकच वाट होती. जुन्या वास्तूंची यादी करणारी एक समिती तेव्हा फिरत होती. बंगला यादीत गेला, तर पाडता येणार नव्हता. सरांनी अर्ज केला, तो चौऱ्याऐंशी पानांचा झाला, आणि उत्तर आलं की बुधवारी मुंबईहून एक मॅडम बघायला येतील. सोबत एक छापील कागद, त्यात एक ओळ: ‘वास्तूचे ऐतिहासिक महत्त्व.’ पुढे टिंबं टिंबं.

ती टिंबटिंबांची ओळ सर दोन दिवस बघत बसले.

मी रविवारी सकाळी तयारीनिशी गेलो. रात्रभर जागून मी त्या ओळीसाठी असा इतिहास रचला होता की त्यापुढे शनिवारवाडा पानटपरी वाटावा. एक व्हाइसरॉय होता, एक पदच्युत संस्थानिक होता, दोन क्रांतिकारक पडवीत लपले होते. मी दिवाणखान्यात शिरलो आणि हाक मारली, “सर!”

“इथं आहे!”

आवाज जिन्याजवळच्या शेकोटीतून. नववं धुराडं. सगळ्यांत अरुंद, म्हणून एकोणीस वर्षं राहिलेलं. बुधवारच्या आत वही पुरी करायची म्हणून सर त्यात चढले होते आणि बुचासारखे अडकले होते. खाली फक्त चपला दिसत होत्या. मी पाय धरून ओढले. चपला आल्या.

“ओढू नका,” सर आतून म्हणाले. “माझी छाती अडतीस, धुराडं पावणेअडतीस. ओढून उपयोग नाही.”

“अहो, मग घुसलात कसे?”

“सकाळी उपाशी होतो. मग आतच चहा प्यायलो.”

मग मी विचार केला, माणूस हलू शकत नाही, कान उघडे आहेत, अशी संधी परत यायची नाही. तिथेच शेकोटीसमोर मांडी घालून मी माझा सगळा इतिहास वाचून दाखवला. व्हाइसरॉयला आतून “नाही” आलं. संस्थानिकाला “नाही”. क्रांतिकारकांना तर “लाज नाही वाटत?”

“सर,” मी म्हणालो, “एकच खोटं. एकच! त्यावर अख्खा बंगला उभा राहतोय. नाहीतर पुढच्या दिवाळीला इथं बॅन्ड वाजेल.”

आतून आलं, “एकोणीस वर्षं ज्याचं एक माप मी चुकीचं लिहिलं नाही, त्याच्याबद्दल शेवटी खोटं लिहू?”

तेवढ्यात बाहेर हॉर्न. दोनदा. मग पुन्हा दोनदा. मग एक लांबलचक, पार गंगापूर धरणापर्यंत गेला असेल. मग इंजिन बंद झाल्याचा आवाज. आणि मग व्हरांड्यात चपला वाजल्या, आणि काकू आत आल्या. हातात डबा.

“कुठं आहेत?”

मी शेकोटीकडे बोट केलं. काकूंनी वाकून पाहिलं. “पायाला मलम लावत जा म्हटलं तर ऐकायचं नाही,” एवढंच म्हणाल्या. नवरा धुराड्यात असल्याचं आश्चर्य त्यांच्या चेहऱ्यावर तिळाएवढंही नव्हतं. सरांना काढायला मळ्यातून माणसं बोलवावीत का, असं मी विचारत होतो, पण काकूंचं लक्ष जिन्याकडे गेलं होतं. त्या चार पायऱ्या चढल्या. थांबल्या. एका मोराच्या पाठीवरून त्यांनी अंगठा फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा. मग खाली उतरल्या. दाराचं उलटं कुलूप बघितलं. खिडकीतून पश्चिमेकडे बघितलं. परत मोराकडे.

“काय हो,” त्यांनी शेकोटीकडे तोंड करून विचारलं, “हे सगळं उलट बाजूनं कापलंय का?”

आतून मूठभर काजळी पडली. काकू बोलतच होत्या.

“नवी पोरगी शिकायला आली की पहिल्या महिन्यात हेच करते. कापडाची उलटी बाजू वर ठेवून आखते, आणि मग डाव्या हाताची बाही उजवीकडं बसवायला बघते. बसत नाही, मग ती बाहीच फिरवते, शिवण बाहेर येते. हे मोर तसे फिरवल्यासारखे दिसतात. मोर बरोबर आहेत. जिनाच दुसऱ्या हाताचा झालाय.”

आणि तेव्हा शेकोटीतून एक आवाज आला. तो शब्द नव्हता. एकोणीस वर्षं छातीत धरलेला श्वास सुटल्यासारखा तो आवाज होता. तो श्वास सुटला, छाती दीड इंच आत गेली (हे मी मोजलेलं नाही), आणि सर सरसर घसरत थेट काकूंच्या पायाशी येऊन पडले. डबा पहिल्यांदा सांडला. सरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते काळेठिक्कर, तसेच अनवाणी बग्गीखान्याकडे धावले आणि नकाशाची गुंडाळी घेऊन आले. त्यांनीच काढलेला बंगल्याचा नकाशा, ट्रेसिंगच्या पातळ कागदावर. तो त्यांनी खिडकीच्या काचेवर धरला. मग उलटा केला. मागची बाजू पुढे.

मी आयुष्यात पुष्कळ चमत्कार सांगितलेत. पाहिला एवढाच.

उलट्या बाजूने बघितलं, तर झोपायच्या खोल्या पूर्वेला, कोवळ्या उन्हात. स्वयंपाकघर वाऱ्याच्या पाठीला, धूर बाहेर. दारं अशा बाजूला उघडणारी की कुलपं सुलटी बसावीत. जिना उजवीकडून चढणारा, आणि त्याच्यावर विलायतेहून तयार आलेले अठ्ठेचाळीस मोर, दिवाणखान्याकडे तोंड करून.

“कापडच होतं,” सर पुटपुटले. “तेव्हा नकाशे खळ दिलेल्या पारदर्शक कापडावर काढायचे. आरपार दिसतं. इथल्या गवंड्यांनी ते उलटं पसरलं. इंग्रजी अक्षरं उलटी दिसली असतील, पण त्यांना ती सुलटी तरी कुठं वाचता येत होती? रेषा तेवढ्या कळत होत्या. रेषा त्यांनी तंतोतंत बांधल्या. इंचाचीही चूक नाही!” आणि मग ते पश्चिमेकडे धावले. “आणि ही पडवी! पडवी नंतर जोडली, कारण चूक त्यांना कळली! खोल्या तापायला लागल्या, म्हणून त्यांनीच सावली करून दिली. दगड तोच, हात तोच!”

मग पाठ फिरवून ते बराच वेळ पडवीचा खांब मोजत राहिले. एकच खांब, चार वेळा. मी तिकडे गेलो नाही. काकू फरशीवर सांडलेलं पिठलं पुसत होत्या.

बुधवारी मॅडम आल्या. पांढरे केस, गळ्यात चष्मा, पायात खेळायचे बूट. आप्पा सकाळपासून हजर, नारळपाणी घेऊन. मॅडमनी छापील कागद काढला आणि विचारलं, “या वास्तूचं महत्त्व थोडक्यात सांगा.”

“काय नाय मॅडम,” आप्पा म्हणाले, “नुसतं जुनं हाय.”

मी घसा खाकरला. व्हाइसरॉय माझ्या जिभेवर येऊन बसला होता. सरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि तो उतरून गेला.

“ही वास्तू चुकलेली आहे,” सर म्हणाले. “पूर्ण चुकलेली. अशी बांधायचीच नव्हती.”

आप्पांच्या हातातलं नारळपाणी आनंदाने डचमळलं. मी डोळे मिटले. मला मिटल्या डोळ्यांपुढे दोनशे गाड्या शिस्तीत लागलेल्या दिसल्या. उघडले, तर सर मॅडमना जिन्यावर घेऊन चालले होते. भिंतीला पाठ लावून त्यांना मोरांसमोर उभं केलं. मग कुलपात उलटी किल्ली फिरवायला लावली. मग स्वयंपाकघराच्या दारात उदबत्ती पेटवून धूर नाचघरात कसा जातो ते दाखवलं. आणि शेवटी नकाशा खिडकीवर धरला, आणि उलटा केला.

मॅडम पायरीवर बसल्या. चष्मा लावला, काढला, परत लावला. म्हणाल्या, “विलायतेची नक्कल केलेले बंगले मी शेकड्यांनी पाहिलेत. त्यांत इथल्या गवंड्याचा पत्ताच लागत नाही. इथे तर तो दर पावलाला भेटतोय.” मग त्यांनी ती टिंबटिंबांची ओळ भरायला घेतली, ती पुरली नाही, म्हणून कागद उलटा केला आणि मागे लिहीत राहिल्या. तीन तास. आप्पांनी शेवटी नारळपाणी स्वतःच पिऊन टाकलं.

“हे तुम्ही शोधलंत?” निघताना मॅडमनी विचारलं.

“मी फक्त मोजलं,” सर म्हणाले. “शोधलं माझ्या बायकोनं. ती ब्लाउज शिवते.”

बंगला यादीत गेला. आप्पांनी लॉन्स पलीकडच्या मळ्यात काढलं आणि नवरा-नवरींना फोटोसाठी ते इथंच पाठवतात, मोरांच्या पाठींसमोर. त्यांना मोर रुसल्याची गोष्ट कुणीतरी सांगितलीय. कुणी, ते मी सांगणार नाही. सर वह्या बांधून सिडकोत घरी राहायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना आढळलं की त्यांच्या इमारतीचा जिना दर मजल्याला अर्धा इंच खातोय. तो बिल्डर म्हणे अजून फोन उचलत नाही.

पण मॅडम गेल्या त्या दुपारचं राहिलं. रविवार नव्हता, तरी काकू डबा घेऊन आल्या होत्या, आणि फाटकाबाहेर सवयीने स्कूटी चालू ठेवून बसल्या होत्या. मला राहवलं नाही. मी धावत गेलो आणि म्हणालो,

“काकू, एकोणीस वर्षं सरांनी डोकं फोडलं, आणि तुम्हाला ते दोन मिनिटांत दिसलं! अहो, मग आधीच का नाही सांगितलंत?”

काकूंनी डबा माझ्या हातात दिला.

“आत कुठं नेलं होतं मला?” त्या म्हणाल्या. “डबा फाटकातच घ्यायचे.”